गोधडीवरील कापडी फुले

गोधडीवरील कापडी फुले म्हणजे कापडाचे तुकडे कापून, जोडून, दुमडून किंवा चुण्या घालून तयार केलेली आणि गोधडीच्या वरच्या थरावर टाक्यांनी बसवलेली फुलांच्या आकाराची नक्षी होय. महाराष्ट्रात घरोघरी शिवल्या जाणाऱ्या गोधडीत फूल हा मुख्य भाग नसतो. जुन्या कापडाचे थर एकत्र शिवून ऊबदार पांघरूण करणे हा तिचा मूळ हेतू आहे. तरीही गोधडीचा मध्य, तिचे चार कोपरे आणि लहान मुलांची दुपटी यांवर फुले बसवण्याची आवड जुनी आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गोधडीकडे भिंतीवर लावण्याची कलाकृती म्हणून पाहिले जाऊ लागले. त्याबरोबर पाकळ्या अचूक कापण्यासाठी कोन आखलेल्या पारदर्शक पट्ट्या आणि फिरत्या पात्याचे कातर ही साधने प्रचारात आली. या साधनांमुळे फुलाचा आकार नेमका झाला. मात्र फुलासाठी कोणते कापड वापरावे, हा गोधडीच्या मुळाशी असलेला प्रश्नही त्यांनी पुढे आणला.

नावे आणि संज्ञा

गोधडीला गोदडी असेही म्हणतात. कोल्हापूर, सांगली, बेळगाव या भागांत आणि मराठवाड्यात वाकळ हा शब्द रूढ आहे. कर्नाटकात तिला कौदी आणि उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी समाजात कवंदी म्हणतात. हिंदीतील गुदडी हा शब्द याच कुळातला आहे. संस्कृतातील कंथा म्हणजे चिंध्या जोडून केलेले वस्त्र. बंगालमधील कांथा या भरतकामाचे नाव त्याच शब्दाशी संबंधित आहे.

गोधडी, रजई, दुलई आणि घोंगडी या चार वस्तू वेगवेगळ्या आहेत. रजई व दुलई यांत कापूस भरलेला असतो. घोंगडी मेंढीच्या लोकरीची असून ती मागावर विणली जाते. गोधडीत बहुधा भरण नसते. कापडाचे थर हेच तिचे अंग असते. तान्ह्या बाळासाठी केलेल्या लहान व मऊ गोधडीला दुपटे म्हणतात.

फाटलेल्या जागी लावलेल्या तुकड्याला ठिगळ म्हणतात. ठिगळ आणि फूल यांत हेतूचा फरक आहे, पण कृती जवळजवळ एकच आहे. विरलेल्या जागेवर चौकोनी तुकडा लावण्याऐवजी गोल किंवा पाकळीदार तुकडा लावला की ठिगळाचेच फूल होते. गोधडीवरील अनेक फुलांखाली अशी झाकलेली जागा असते.

गोधडीची बांधणी

पारंपरिक गोधडीसाठी जुनी सुती लुगडी, धोतरे, पंचे आणि चादरी वापरतात. नऊवारी लुगडे सुमारे सव्वाआठ मीटर लांब असते. ते चौपदरी दुमडले तर साधारण दोन मीटर लांबीचे चार थर मिळतात, म्हणजे एका माणसाच्या गोधडीचा सांगाडा एकाच लुगड्यातून निघतो. लुगड्याचे काठ भक्कम विणीचे असल्याने ते गोधडीच्या कडेला येतील अशी योजना करतात. पदर बहुधा वरच्या बाजूला, दर्शनी भागात ठेवतात.

थर जमिनीवर सुरकुती न पडता पसरून त्यांना कच्चे टाके घालतात. त्यानंतर लांब सुईने व जाड दोऱ्याने धावदोरा घालत जातात. टाक्यांच्या ओळी कडेपासून सुरू होऊन एकात एक चौकोन करीत मध्याकडे सरकतात. दोन ओळींतील अंतर साधारण बोटभर असते. ओळी जितक्या जवळ, तितकी गोधडी टणक व टिकाऊ. ओळी जितक्या दूर, तितकी ती मऊ. या पद्धतीत शेवटचे टाके मध्यभागी येतात. कडेकडून सरकत आलेला कापडाचा सैलपणा तेथे जमा होतो आणि कधी कधी छोटी चुणी पडते. मध्यभागी फूल बसवण्यामागे सौंदर्यदृष्टी आहेच. शिवाय ही चुणी झाकण्याची आणि सर्वांत जास्त दुमडल्या जाणाऱ्या जागेला एक थर वाढवून देण्याची सोयही त्यात आहे.

फुलांचे प्रकार

कापून लावलेले फूल: अखंड फूल एकाच तुकड्यातून कापून, कडा सुमारे अर्धा सेंटिमीटर आत दुमडून तुरपाईने वरच्या थरावर बसवतात. पाकळीच्या टोकाशी जादा कापड गोळा होते, म्हणून तेथे थोडे कापून काढतात. दोन पाकळ्यांमधील खोलगट जागी कापडाला आत काप द्यावा लागतो, नाहीतर ते दुमडत नाही. हा काप हाच अशा फुलाचा कच्चा दुवा असतो आणि वारंवार धुतल्यावर फूल प्रथम तेथेच उसवते. अशा ठिकाणी काजटाका घातल्यास फूल जास्त टिकते. बिहारचे खतवा काम आणि ओडिशातील पिपिली येथील छत्र्या व चांदवे यांवरील नक्षी याच पद्धतीची आहे.

पाकळ्या जोडून केलेले फूल: आतून निमुळत्या व बाहेर रुंद अशा पाकळ्या स्वतंत्र कापून एकमेकींना शिवतात आणि पूर्ण वर्तुळ तयार करतात. पाकळ्यांची बाहेरील टोके गोल किंवा टोकदार ठेवतात. मध्यभागी सर्व शिवणी एकत्र आल्या तर तेथे गाठीसारखा जाड भाग होतो. तो टाळण्यासाठी पाकळ्या केंद्रापर्यंत नेत नाहीत; मधली मोकळी जागा गोल तुकड्याने झाकतात. अमेरिकेत ही रचना ‘ड्रेस्डेन प्लेट’ या नावाने ओळखली जाते.

षट्कोनी तुकड्यांचे फूल: मध्ये एक आणि त्याभोवती सहा असे सात समान षट्कोन जोडले की एक फूल होते. त्याभोवती आणखी एक फेर घातल्यास बारा तुकडे लागतात व एकूण संख्या एकोणीस होते. प्रत्येक तुकडा जाड कागदाच्या षट्कोनावर गुंडाळून, कडेला कच्चा टाका घालून मग शेजारच्या तुकड्याशी शिवतात. शिवण पूर्ण झाल्यावर कागद काढून घेतात. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद या कामास उपयोगी पडतो. लहान तुकड्यांतून होणारे हे फूल असल्याने शिंप्याकडील कातरण यात पुरेपूर वापरता येते.

चुणीचे फूल: कापडाची गोल चकती घेऊन तिची कड किंचित दुमडून त्यावर धावदोरा घालतात व दोरा ओढून तोंड आवळतात. चपट्या बटव्यासारखा आकार तयार होतो. चकतीचा व्यास दहा सेंटिमीटर असेल, तर तयार फूल साडेचार ते पाच सेंटिमीटरचे होते. टाके लांब घातले तर मधले तोंड घट्ट मिटते; टाके बारीक घातले तर चुण्या जास्त पडून भोक मोठे राहते. नवशिक्यांना ही गोष्ट उलटी वाटते, कारण बारीक टाका म्हणजे चांगला टाका अशी सर्वसाधारण समजूत असते.

घडीचे फूल: चौरस तुकडा कर्णावर दोनदा दुमडला की कच्च्या कडा एका बाजूला येऊन भक्कम त्रिकोण तयार होतो. असे त्रिकोण ओळीने लावले तर गोधडीच्या कडेला कंगोरे दिसतात. एका बिंदूभोवती लावले तर उठावदार फूल दिसते. या प्रकारात पाकळीची कड उसवण्याची भीती नसते, कारण बाहेर येणारी कड ही घडीचीच असते.

मापन आणि कापणी

पारंपरिक साधने

घरगुती गोधडीत फूल आखण्यासाठी स्वतंत्र साधन क्वचितच असते. वर्तुळासाठी वाटी, बांगडी, ताटली किंवा नाणे वापरतात. अंतर बोटांनी व वितेने मोजतात. पाकळ्यांसाठी कागदाची किंवा कापडाचीच घडी घालतात. गोल तुकडा एकदा दुमडला की दोन, दुसऱ्यांदा चार आणि तिसऱ्यांदा आठ समान भाग होतात. दुमडलेल्या तुकड्याचे टोक गोलसर कापून उलगडले की आठ पाकळ्यांचे फूल मिळते. चौथ्या घडीला सोळा पाकळ्या होतात, पण सोळा थरांतून कात्री सरळ चालत नाही. त्यामुळे घडीच्या पद्धतीत आठ पाकळ्यांचे फूल सर्वांत सोयीचे ठरते.

या सोयीमुळे एक गंमतीची गोष्ट घडते. जास्वंद, सदाफुली, देवचाफा या अंगणातील नेहमीच्या फुलांना पाच पाकळ्या असतात. पण दुप्पट होत जाणाऱ्या घडीतून पाच हा आकडा येत नाही. म्हणून कापडी फूल पुष्कळदा झाडावरील फुलासारखे न दिसता रांगोळीतील अष्टदल कमळासारखे दिसते. सहा पाकळ्यांसाठी कर्कटक लागतो. वर्तुळाच्या त्रिज्येइतकेच अंतर घेऊन परिघावर खुणा करीत गेले की बरोबर सहा भाग होतात. शाळेतील अनेक विद्यार्थ्यांनी हे फूल कंपासपेटी हाती आल्यावर वहीत काढलेले असते. पाच पाकळ्यांसाठी मात्र कोनमापकाने ७२ अंशांचे कोन घ्यावे लागतात.

विशेष पट्ट्या

१९७९ मध्ये जपानमधील ओल्फा कंपनीने कापडासाठी रोटरी कटर बाजारात आणला. गोल पाते फिरवत कापडाचे अनेक थर एकाच वेळी कापणे त्यामुळे शक्य झाले. पात्याला टेकू देण्यासाठी जाड, पारदर्शक अॅक्रिलिकच्या पट्ट्या आणि खालच्या पृष्ठभागाच्या रक्षणासाठी विशेष चटई ही साधनेही त्यासोबत रूढ झाली. या पट्ट्यांवर ३०, ४५ व ६० अंशांच्या रेषा आखलेल्या असतात. फुलासाठी मिळणाऱ्या पट्ट्या पाकळीच्या, षट्कोनाच्या, वर्तुळाच्या किंवा निमुळत्या फाकेच्या आकाराच्या असतात. शिवणीसाठी सोडावयाचे कापड बहुधा पट्टीच्या मापात आधीच धरलेले असते. प्रचलित मापानुसार ते पाव इंच, म्हणजे सुमारे ६ मिलिमीटर असते.

फाकेच्या पट्टीमागील गणित सोपे आहे. वर्तुळाचे ३६० अंश पाकळ्यांच्या संख्येने भागले की एका पाकळीचा कोन मिळतो.

८ पाकळ्या: ४५ अंश
१२ पाकळ्या: ३० अंश
१६ पाकळ्या: २२.५ अंश
२० पाकळ्या: १८ अंश

वीस सेंटिमीटर त्रिज्येच्या वीस पाकळ्यांच्या फुलात प्रत्येक पाकळी बाहेरच्या टोकाशी सुमारे ६.३ सेंटिमीटर रुंद असते. दोन्ही बाजूंची शिवण धरून कापड साधारण ७.५ सेंटिमीटर रुंद कापावे लागते.

पट्टीची खरी गरज एका पाकळीत दिसत नाही, पूर्ण वर्तुळात दिसते. एका पाकळीचा कोन अर्ध्या अंशाने चुकला तर ती चूक डोळ्याला जाणवत नाही. पण वीस पाकळ्या जोडल्यावर तीच चूक दहा अंशांची होते. कोन कमी पडला तर वर्तुळ मिटत नाही आणि ओढून मिटवले तर फूल छत्रीसारखे फुगते. कोन जास्त झाला तर कड लाटेसारखी वर-खाली होते. शिवणीचेही तसेच आहे. प्रत्येक शिवणीत दोन्ही बाजूंना एकेक मिलिमीटर कापड कमी धरले गेले, तर वीस शिवणींत वर्तुळाच्या घेरात चार सेंटिमीटर जादा कापड राहते. म्हणून अनुभवी कारागीर प्रथम पाव फूल, म्हणजे पाच पाकळ्या जोडून तो भाग काटकोनात बसतो का, हे गुण्याने तपासतात आणि मगच पुढे जातात. आठ पाकळ्यांच्या फुलात दोन पाकळ्यांनंतर हीच तपासणी करता येते.

घरगुती गोधडीत ही अडचण कमी जाणवते. तेथे पाकळ्या खालच्या कापडावर एकेक करून बसवल्या जातात, म्हणून पडलेली फट शेवटची पाकळी थोडी रुंद कापून भरून काढता येते. चूक शेवटच्या तुकड्यात सामावून घेणे ही हातमापाची पद्धत आहे. चूक पहिल्या तुकड्यातच होऊ न देणे ही पट्टीची पद्धत आहे.

कापडाची निवड

विणलेल्या कापडात उभा धागा सर्वांत कमी ताणतो, आडवा धागा थोडा जास्त आणि ४५ अंशांत कापलेला भाग सर्वांत जास्त ताणतो. या तिरक्या कापणीला शिवणकामात उरेब म्हणतात. पाकळीचा मधला अक्ष उभ्या धाग्याच्या दिशेने ठेवला तर जोडून केलेले फूल सपाट राहते. उलट, गोल कड सुबकपणे दुमडण्यासाठी थोडा उरेब उपयोगी पडतो. गोल कोपऱ्यांना उरेब पट्टी लावतात ती याच कारणाने.

नवे व जुने कापड एकत्र वापरताना विशेष काळजी घ्यावी लागते. अनेकदा धुतलेले लुगडे आटून स्थिर झालेले असते. नवे सुती कापड पहिल्या एक-दोन धुण्यांत आटते. जुन्या गोधडीवर नव्या, न धुतलेल्या कापडाचे फूल लावले तर धुतल्यावर फूल आक्रसते आणि भोवतालचे कापड गोळा होते. गडद लाल व निळ्या रंगाचे नवे कापड रंग सोडून जुन्या फिकट कापडावर डाग पाडू शकते. म्हणून नवे कापड आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून मग कापतात.

पट्टी आणि रोटरी कटर यांना न ताणणारे, सरळ धाग्याचे, एकसारख्या जाडीचे कापड मानवते. विरलेल्या लुगड्याचे धागे सरकतात. पट्टी दाबून धरली तरी पात्यापुढे कापड गोळा होते. त्यामुळे पट्टीने काम करणारे लोक नवे कापड विकत आणणे पसंत करतात. येथे दोन प्रथांचा मूलभूत फरक स्पष्ट होतो. घरगुती गोधडीत हाती असलेल्या कापडावरून फूल ठरते. कलात्मक गोधडीत आधी फूल ठरते आणि त्यासाठी कापड आणले जाते. जुने कापडच वापरून अचूक काम करावयाचे असल्यास त्याला पातळ खळ देऊन इस्त्री करणे हा साधा उपाय आहे. खळीमुळे धागे जागच्या जागी राहतात आणि काम पूर्ण झाल्यावर ती धुऊन निघून जाते.

सिद्दी कवंदीतील फुला

कापडी फुलाला गोधडीच्या रचनेतच अविभाज्य स्थान असल्याचे ठळक उदाहरण म्हणजे उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रियांची कवंदी. सिद्दी हे आफ्रिकी वंशाचे लोक आहेत. त्यांपैकी अनेकांचे पूर्वज पोर्तुगीज काळात गोव्यात आणले गेले होते. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या तालुक्यांत त्यांची वस्ती असून त्यांच्या बोलीची कोकणी व मराठीशी जवळीक आहे. त्यांच्यात हिंदू, मुस्लिम आणि ख्रिस्ती असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत.

कवंदीत वरचा थर वेगळा जोडून घेतला जात नाही. खालच्या साडीवर एका कोपऱ्यापासून आरंभ करून कापडाचे तुकडे कडेकडेने ठेवत आणि सर्व थरांतून एकदमच धावदोरा घालत कारागीर मध्याकडे येते. चारही कोपऱ्यांत दुमडलेल्या तुकड्यांचे एकावर एक ठेवलेले थर बसवतात. त्यांना ‘फुला’, म्हणजे फुले म्हणतात. फुला लावल्याशिवाय कवंदी पूर्ण झाली असे मानत नाहीत. फुलांविना ती उघडी वाटते, अशी सिद्दी स्त्रियांची भावना अभ्यासकांनी नोंदवली आहे. या फुलांसाठी पट्टी किंवा साचा वापरला जात नाही. चौरस तुकड्याची घडी हेच त्यांचे माप असते.

अमेरिकी कला-इतिहासकार हेन्री ड्रेवाल यांनी सिद्दी गोधड्यांचा विस्तृत अभ्यास केला असून त्यांच्या पुढाकाराने २००४ मध्ये सिद्दी स्त्रियांची गोधडी सहकारी संस्था स्थापन झाली. त्यानंतर कवंदी अमेरिकेतील प्रदर्शनांत व संग्रहालयांत पोहोचली.

अहिल्यानगर जिल्ह्यातील गोधडी

अहिल्यानगर जिल्हा (२०२४ पर्यंतचे नाव अहमदनगर) क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा असून त्याचे क्षेत्र सुमारे १७,०४८ चौरस किलोमीटर आहे. पश्चिमेकडील अकोले तालुका सह्याद्रीच्या कुशीतला व भरपूर पावसाचा, तर पाथर्डी, जामखेड, कर्जत हे तालुके अवर्षणप्रवण आहेत. दोन्ही भागांत हिवाळ्यातील रात्री थंड असतात. मेंढपाळ धनगर समाजामुळे जिल्ह्यात लोकरीच्या घोंगडीचाही वापर आहे. घोंगडी पाऊस व वारा अडवते, तर गोधडी अंथरण्यास व पांघरण्यास वापरतात. अनेक घरांत खाली घोंगडी आणि वर गोधडी अशी जोडी असते.

पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. फडाजवळील कोपीत राहण्यासाठी जो मोजका संसार सोबत नेला जातो, त्यात गोधड्यांचे गाठोडे असते. अशा वापरातल्या गोधडीवर नाजूक फुले टिकत नाहीत. तेथे टाक्यांच्या जवळजवळच्या ओळी आणि जागोजागची ठिगळे यांचेच महत्त्व असते. फुलांची हौस दुपट्यांवर, बाळाच्या कुंचीवर आणि पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या गोधडीवर भागवली जाते.

जिल्ह्यातील मुलींच्या शिक्षणाचा इतिहासही शिवणकामाशी जोडलेला आहे. अहमदनगर १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशनचे केंद्र होते आणि सिंथिया फरार यांनी १८३९ पासून तेथे मुलींच्या शाळा चालवल्या. एकोणिसाव्या शतकातील मुलींच्या शाळांत वाचन-लेखनाबरोबर शिवणकाम शिकवण्याची प्रथा होती. पुढे महाराष्ट्रातील शाळांत कार्यानुभव या विषयाच्या रूपाने टाके, तुरपाई व कापडकाम यांना स्थान मिळाले.

लोकजीवन आणि साहित्य

पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या मुलीच्या बाळंतविड्यात झबली, टोपडी, कुंची आणि दुपटी असतात. दुपट्यासाठी आजीचे वा आईचे वापरून मऊ झालेले लुगडे निवडतात, कारण ते तान्ह्या बाळाच्या कातडीला बोचत नाही. त्यावरील फूल बहुधा दुपट्याच्या कोपऱ्यात, बाळाच्या अंगाखाली येणार नाही अशा ठिकाणी लावतात. शिवणीची जाडी बाळाला टोचू नये, हा त्यामागील विचार असतो.

चिंध्यांच्या वस्त्राला विरक्तीचे प्रतीक म्हणूनही मान आहे. कंथा हा नाथपंथी योग्याच्या वेषाचा भाग मानला जातो. पाथर्डी तालुक्यातील मढी हे कानिफनाथांचे स्थान नाथ संप्रदायात प्रसिद्ध आहे. कर्जतचे ग्रामदैवत संत गोदड महाराज यांच्या नावातही गोदड हा शब्द आढळतो. आषाढ वद्य एकादशीला तेथे त्यांचा रथोत्सव भरतो. संत गाडगेबाबा ठिगळांचे कपडे घालीत, म्हणून लोक त्यांना गोधडेबुवा किंवा चिंधेबुवा म्हणत.

पाथर्डी तालुक्यातील कवी डॉ. कैलास दौंड यांची ‘गोधडी’ ही कविता महाराष्ट्राच्या शालेय मराठी पाठ्यपुस्तकात समाविष्ट झाली आहे. आईवडिलांच्या वापरलेल्या वस्त्रांमधून गोधडीत उतरलेली माया हा तिचा विषय आहे. अंथरूण पाहून पाय पसरणे, आभाळ फाटल्यावर ठिगळ कुठे लावणार, यांसारख्या म्हणींतून अंथरूण-पांघरुणाचे आणि ठिगळाचे जग मराठी भाषेत रुजलेले दिसते.

कलात्मक गोधडी

१९७१ मध्ये न्यूयॉर्कमधील व्हिटनी संग्रहालयात अमेरिकी गोधड्यांचे प्रदर्शन भरले आणि त्या चित्रांप्रमाणे भिंतीवर मांडल्या गेल्या. गोधडीकडे दृश्यकला म्हणून पाहण्याच्या दृष्टीला या प्रदर्शनाने मोठी चालना दिली. पुढील काळात पांघरण्यासाठी नव्हे, तर पाहण्यासाठी गोधडी करणारे कलावंत पुढे आले. अशा कलाकृतींत फुले पृष्ठभागापासून उचललेली, अनेक थरांची, कधी मोकळ्या कडांची असतात; ती धुतली जाणार नसल्याने टिकाऊपणाचे जुने नियम त्यांना लागू होत नाहीत.

महाराष्ट्रातील गोधडीचे दस्तऐवजीकरण मुंबईतील गोधडी-कलावंत गीता खंडेलवाल यांनी केले. ‘गोधडीज ऑफ महाराष्ट्र’ या त्यांच्या इंग्रजी ग्रंथात ग्रामीण स्त्रियांच्या गोधड्यांची छायाचित्रे व माहिती आहे. पॅट्रिक फिन यांच्या ‘क्विल्ट्स ऑफ इंडिया’ या ग्रंथात भारताच्या विविध प्रांतांतील गोधड्यांचा परामर्श घेतला आहे. अमेरिकेतील नेब्रास्का राज्यातील लिंकन येथील आंतरराष्ट्रीय क्विल्ट संग्रहालयात दक्षिण आशियातील गोधड्याही जतन केलेल्या आहेत.

सद्यस्थिती

नऊवारी सुती लुगड्यांचा रोजचा वापर कमी झाल्याने गोधडीचे मूळ साहित्यच दुर्मीळ होत आहे. कृत्रिम धाग्याच्या साड्या रंगीत व टिकाऊ असतात, पण त्या घाम शोषत नाहीत, सुईखाली सरकतात आणि इस्त्रीच्या उष्णतेने आकसतात. त्यांच्या पाकळीची कड दुमडून बसत नाही. गिरणीतील स्वस्त ब्लँकेट व सोलापुरी चादर यांमुळे घरी गोधडी शिवण्याची निकडही कमी झाली आहे.

दुसरीकडे, शहरांत गोधडीला नवा ग्राहक मिळाला आहे. महिला बचत गट दुपटी, गोधड्या, पिशव्या व उशांचे अभ्रे प्रदर्शनांतून विकतात. या बाजारात ग्राहकाची नजर प्रथम फुलाकडे जाते. एकसारख्या पाकळ्यांचे, सरळ मांडणीचे फूल अधिक सहज विकले जाते आणि अशा फुलासाठी पट्टी उपयोगी पडते. परंतु गोधडीतील बहुतांश श्रम धावदोऱ्याच्या शेकडो ओळींत असतात. ते फुलाइतके नजरेत भरत नाहीत आणि किमतीतही पुरेसे धरले जात नाहीत. घरातील गोधडी तर विनामूल्यच शिवली जात असल्याने तिच्यातील कौशल्याची गणना श्रम म्हणून फारशी झाली नाही. बहुतेक जुन्या गोधड्यांवर शिवणाऱ्या स्त्रीचे नाव नसते. तिची ओळख तिच्या टाक्याच्या लांबीत, ओळींच्या अंतरात आणि फूल बसवण्याच्या सवयीत असते. म्हणून अभ्यासकांच्या दृष्टीने गोधडी जतन करताना ती कोणी, कोणाच्या कपड्यांतून व कोणासाठी शिवली, ही घरातील तोंडी माहिती लिहून ठेवणे गोधडीइतकेच महत्त्वाचे आहे.

पट्टी आणि हातमाप या दोन पद्धती परस्परविरोधी आहेतच असे नाही. षट्कोनी फुलासारख्या प्रकारात साच्याने कापलेले जुने कापडही उत्तम बसते, आणि शालेय कार्यानुभवात पट्टीच्या साहाय्याने कोन, वर्तुळ व सममिती यांचा प्रत्यक्ष अभ्यास होऊ शकतो.

जतन

फुले लावलेली गोधडी कोमट किंवा थंड पाण्यात, सौम्य साबणाने धुतात. धोपटत नाहीत व पिळत नाहीत. ओली गोधडी जड होते, म्हणून ती एकाच दोरीवर न टांगता दोन-तीन दोऱ्यांवर पसरतात, त्यामुळे ताण एका ओळीवर येत नाही. वाळवताना फुलांची बाजू आत ठेवल्यास रंग उडत नाही. साठवताना दर काही महिन्यांनी घडी बदलतात, नाहीतर घडीच्या रेषेवर आलेल्या पाकळ्या तेथेच विरतात. कसर लागू नये म्हणून वाळलेली कडुनिंबाची पाने पुरचुंडीत बांधून ठेवण्याची जुनी पद्धत आहे. उसवलेले फूल पूर्ण काढून नवे लावण्यापेक्षा, शक्य तेथे मूळ तुकडा ठेवून त्याची कड पुन्हा शिवणे योग्य मानतात.

हे सुद्धा पहा

गोधडी
घोंगडी
कांथा
सिद्दी
सोलापुरी चादर
अहिल्यानगर जिल्हा